पोशाख बदलला तरी कसब का बुडावे?

वार्षिक स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आपल्याकडील शाळांतून एक गोष्ट बहुधा हटकून घडते. कार्यक्रमपत्रिकेत ‘बंजारा नृत्य’ नावाची एक बाब घातली जाते. ड्रेपरीच्या दुकानातून लाल-निळ्या रंगांचे घागरे भाड्याने येतात. त्यांवर चकचकीत प्लास्टिकचे आरसे चिकटविलेले असतात. मुली ते घालून रंगमंचावर गिरक्या घेतात, प्रेक्षक टाळ्या वाजवितात, आणि दुसऱ्या दिवशी तो सर्व सरंजाम मोजून दुकानदारास परत केला जातो. यात वाईट असे काहीच नाही. मुलांनी नाचावे, आनंद करावा. परंतु त्याच प्रेक्षकांत लोणार किंवा मेहकर तालुक्यातील एखाद्या तांड्यावरून आलेली राठोड वा चव्हाण आडनावाची एखादी मुलगी बसलेली असावयाची. तिच्या घरी पेटीच्या तळाशी आजीने स्वतःच्या हातांनी भरलेली खरी कांचळी घडी करून ठेवलेली असावी, आणि ही गोष्ट वर्गात कोणास कळू नये अशी त्या मुलीची इच्छा असावी, हे आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येते?

रंगमंचावर ज्या वेषाचे कौतुक, त्याच वेषाची वर्गात लाज, असा हा विचित्र प्रकार आहे. तो का उत्पन्न झाला आणि त्याबाबत शाळेने व पालकांनी काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आमचे मत प्रारंभीच सांगून टाकणे बरे. पोशाख आणि पोशाख घडविणारे कसब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोशाख कोणता करावा हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात इतरांनी उपदेश करण्याचे कारण नाही. पण कसब ही विद्या आहे, आणि एखादी विद्या आपल्या डोळ्यांदेखत बुडू देणे हे विद्यालय म्हणविणाऱ्या संस्थेस शोभत नाही.

प्रथम हे लोक कोण ते थोडक्यात पाहू. बंजारा समाज स्वतःस ‘गोर’ म्हणवितो; त्यांची बोली ती गोरबोली. मराठीत त्यांस लमाण हे जे नाव पडले, ते लवण म्हणजे मीठ या शब्दावरून आले असे मानतात. आगगाडी व पक्क्या सडका होण्यापूर्वी समुद्रकाठचे मीठ देशावर आणि देशावरचे धान्य दूरदूरच्या बाजारांत नेण्याचे काम हे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून करीत. फौजांना रसद पुरविणारेही तेच. इ. स. १८०३ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या शेजारी सप्टेंबर महिन्यात असई येथे आणि नोव्हेंबर महिन्यात अडगाव येथे ज्या लढाया झाल्या, त्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्ली याच्या फौजेस लागणारे धान्य वाहून आणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होते. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची नावे येतात. बैलांमागून चालणाऱ्या या माणसांची येत नाहीत.

पुढे आगगाडी आली. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत त्याला फाटा फुटला, आणि खामगावच्या बाजारातील कापूस रुळांवरून मुंबईकडे जाऊ लागला. बैलांच्या तांड्यांचे काम संपले. धंदा गेला त्याच सुमारास, म्हणजे १८७१ साली, इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला; पुढे त्याची व्याप्ती वाढत जाऊन देशातील अनेक फिरत्या जमाती, व त्यांत बंजाऱ्यांचेही काही गट, त्याच्या कक्षेत आले. हा कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, आणि त्यातून मुक्त झालेल्यांस ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना आजही विमुक्त जातींत होते. एके काळी ज्यांच्या भरवशावर फौजा पुढे सरकत, त्यांच्याकडे पुढील तीन पिढ्या गावोगाव संशयाने पाहिले गेले. ही हकीकत ध्यानात ठेवल्यावाचून पोशाखाचा प्रश्न समजावयाचा नाही.

आता तो पोशाख पाहू. बंजारा स्त्रीच्या घेरदार घागऱ्यास फेटिया म्हणतात. त्याच्या कमरेच्या रुंद पट्टीवर दाट भरतकाम असते. अंगात कांचळी, तिच्या छातीवरच्या व बाह्यांवरच्या भागांत आरशांचे तुकडे बसविलेले असतात, आणि पाठीकडे ती बंदांनी बांधावयाची असते. डोक्यावर भरलेल्या काठाची ओढणी. विवाहित स्त्रीच्या केसांतून कानशिलांजवळ घुगरी-टोपल्या लोंबतात, गळ्यात हासळी असते, आणि हातांत कोपरापर्यंत व दंडावरही चुडे असतात. हे चुडे पूर्वी हस्तिदंताचे असत. पुढे हाडांचे आले, आणि आता बहुधा प्लास्टिकचे मिळतात. याखेरीज सुपारी-पैसे ठेवण्याच्या कोथळ्या, घागरीखालच्या चुंबळी, बैलांच्या शिंगांवरच्या व पाठीवरच्या झुली, या सर्वांवर तीच सुई फिरलेली असे.

या पोशाखातील प्रत्येक गोष्टीस कारण होते. ज्यांचे घर बैलाच्या पाठीवर, त्यांना भिंती नाहीत, कोनाडे नाहीत, तिजोरी नाही. मग जे काही मोलाचे असेल ते अंगावर वागवावयाचे. चांदीचे दागिने व ओवलेली नाणी ही त्यांची पेढी होती. अडीनडीला त्यांतील एखादे मोडावे आणि वेळ निभवावी. कवडी हे एके काळी चलन होते; तीच काठांना लागली. वापरून जीर्ण झालेल्या कापडाचे थर एकावर एक ठेवून त्यांवर दाट टाके घातले की ते कापड गोणीसारखे टिकाऊ होते. म्हणून जुन्या तुकड्यांतून नवी वस्तू करण्याची रीत पडली. सारांश, आपण ज्यास शोभा म्हणून पाहतो, त्यात त्या लोकांचा हिशेब, काटकसर आणि प्रवासाची सोय साठविलेली होती.

कसबाचा भाग तर याहूनही मनोवेधक आहे. कापडावर आरसा कसा बसवितात, हे किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे? आरशाच्या तुकड्यास भोक नसते, आणि खऱ्या कामात तो डिंकाने चिकटवीतही नाहीत. आरसा कापडावर ठेवून त्यावरून प्रथम दोन आडवे व दोन उभे दोरे ताणून घेतात. त्यामुळे आरशावर दोऱ्यांची एक चौकट तयार होते. मग त्या चौकटीच्या दोऱ्यांखालून सुई काढून, किनाऱ्यालगत कापडात टोचून, पुनः चौकटीत अडकवून, असे गोलाकार टाके घालीत जातात. प्रत्येक टाक्यासरशी चौकट बाहेरच्या बाजूस ओढली जाते, मधला भाग मोकळा होतो, आणि शेवटी आरसा दोऱ्याच्या एका घट्ट कड्यात अडकून बसतो. दोरा फार ओढला तर आरसा तिरपा होतो, सैल सोडला तर निखळून पडतो. हाताला तो ताण कळावा लागतो, आणि तो पुस्तक वाचून कळत नाही. शेजारी बसून, चुकून, उसवून, पुनः घालूनच तो येतो.

टाक्यांनाही निरनिराळी नावे आहेत. कर्नाटकातील संडूर येथील लमाणी भरतकामात चौदा प्रकारचे टाके गणले जातात. कीलण, वेले, माकी, भुरिया, नाकरा ही त्यांतील काही नावे. चौकोन, त्रिकोण, कर्णरेषा यांची मांडणी दोरे मोजून करावयाची असते. भूमितीच्या तासाला ज्या समप्रमाणाची व्याख्या आम्ही फळ्यावर लिहितो, ते समप्रमाण शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एखाद्या वृद्धेच्या बोटांत बिनचूक वसत असते. अशा स्त्रीस आपण अशिक्षित म्हणतो, तेव्हा शिक्षण या शब्दाचा अर्थ आपण फारच आखूड करून टाकतो.

असे असता हा पोशाख तांड्यांतून का जाऊ लागला? काहीजण याचा दोष नव्या पिढीच्या माथी मारतात. आम्हांस ते मान्य नाही. फेटिया-कांचळीचा एक जोड भरावयाचा तर कित्येक महिन्यांची फुरसत पाहिजे. मराठवाड्यातील व विदर्भातील कित्येक तांड्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जाणारी कुटुंबे निराळीच. पहाटेपासून उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या बाईस आरसे बसविण्यास वेळ कोठून मिळावा? शिवाय तो पोशाख जड. दागिन्यांसह तो घालून वैशाखाच्या उन्हात मोळ्या वाहणे हे केवळ कष्टाचे. तेव्हा त्या बाईने साधी पाचवारी किंवा सहावारी साडी पसंत केली, तर तिने शहाणपणाच केला असे आम्ही म्हणू.

दुसरे एक कारण याहून कडू आहे, आणि त्याचा दोष तांड्याकडे मुळीच जात नाही. तो पोशाख दुरून ओळखू येई. बाजारात, मोटारीत, कचेरीत त्या पोशाखाची बाई दिसली की तिच्याशी बोलण्याची तऱ्हा बदले. भडक कपडे केलेल्या मुलीस ‘काय लमाणीण झालीस?’ असे म्हणून हसण्याची वाईट खोड आपल्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनही आढळते. ज्या पोशाखाने माणूस संशयास व चेष्टेस पात्र होतो, तो पोशाख त्याने मुलीस शाळेत पाठविताना पेटीत बंद केला, तर नवल ते काय? म्हणून ‘यांनी आपली संस्कृती सोडली’ असे म्हणण्यापूर्वी, ती सोडण्यास आपण त्यांना किती भाग पाडले, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आणि पोशाख काय, आपण सर्वांनीच बदलले आहेत. आपल्या पणज्या नऊवारी लुगडे नेसत. आज्यांपैकी पुष्कळजणींनी ते सोडून सहावारी घेतले, आणि त्यांच्या नाती आता सलवार-कमीज घालतात. आपल्या पणजोबांच्या डोक्यावर पागोटे होते, आजोबांच्या टोपी आली, वडील बोडक्याने फिरू लागले. या फेरबदलाबद्दल कोणी त्यांस संस्कृतीचे द्रोही म्हटले नाही. स्वतः पाटलोण घालून सभेत जावे आणि तेथे तांड्यातील बायकांनी मात्र फेटियाच घालावा असे व्याख्यान द्यावे, हा न्याय नव्हे. तीज, होळी किंवा लग्नकार्य अशा प्रसंगी त्या आपल्या हौसेने जुना पोशाख पेटीतून काढतात, तो त्यांचा आनंद आहे. तो त्यांच्याच हाती राहू द्यावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग प्रश्नच कोठे उरला? जे गेले ते गेले.’ हे दुसरे टोक झाले, आणि तेही आम्हांस तितकेच अमान्य आहे. पणजीचे लुगडे गेले, पण तिच्या हातचा धावदोरा गेला काय? जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारे हात आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत अद्याप आहेत. त्याचप्रमाणे फेटिया अंगावरून उतरला म्हणून आरसा बसविण्याची विद्या बोटांतून उतरली पाहिजे असे कोठे आहे? तीच सुई पिशवीवर, दप्तरावर, उशीच्या अभ्र्यावर, पडद्यावर चालू शकते. पोशाख एका काळाचा असतो. कसब पुढच्या काळातही उपयोगी पडते. मात्र ते एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिले पाहिजे. मध्ये एक पिढी गळली की साखळी तुटते, आणि मग पेटीतील कांचळीकडे नुसते पाहून ते टाके पुनः जुळविणे फार कठीण होते.

याचे एक चांगले उदाहरण वर उल्लेखिलेल्या संडूरचे आहे. संडूर हे पूर्वी घोरपडे घराण्याचे संस्थान. म्हणजे त्याचा मराठी इतिहासाशीही संबंध आहे. तेथील कुशल कला केंद्रात लमाणी स्त्रिया एकत्र बसून भरतकाम करतात, आणि त्या कामास ‘संडूर लमाणी भरतकाम’ या नावाने भौगोलिक निर्देशांक, म्हणजे त्या गावाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे वीस राष्ट्रांच्या गटाची सांस्कृतिक बैठक झाली, तेव्हा साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी भरलेले १७५५ नमुने तेथे एकत्र मांडण्यात आले, आणि त्या प्रदर्शनाची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. त्या सर्व स्त्रिया रोज फेटिया घालतात म्हणून हे झाले असे नव्हे. त्यांच्या कामास दाम मिळाले आणि नाव मिळाले, म्हणून सुई चालू राहिली.

हा प्रश्न एकट्या आपल्याच देशाचा आहे असेही नाही. युरोपच्या पूर्वेकडील रुमानिया देशाची गोष्ट पाहण्यासारखी आहे. तेथील खेड्यांत स्त्रिया ‘इये’ नावाचा पांढरा सैल झगा घालीत. त्याच्या खांद्यांवर भरतकामाचा एक खास पट्टा असतो. प्रत्येक प्रांताचे रंग व नक्षी वेगळी. राणी मारी हिने स्वतः हा पोशाख घालून त्यास राजवाड्यात मान मिळवून दिला. १९३६ साली बुखारेस्ट शहरात खेड्यांतील घरे उचलून आणून एक ग्राम-संग्रहालय उभारले गेले. १९४० साली मातीस या फ्रेंच चित्रकाराने त्या झग्याचे एक चित्र रंगविले, ते जगप्रसिद्ध झाले. आज तेथील स्त्रिया रोज हा झगा घालीत नाहीत. परंतु खांद्यावरील त्या भरतकामाची कला २०२२ साली रुमानिया व मोल्डोव्हा या दोन्ही देशांच्या नावे युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदली गेली आहे.

त्याच देशात २०१७ साली दुसरा एक प्रकार घडला, तो अधिक बोधप्रद आहे. पॅरिसमधील एका बड्या वस्त्रगृहाने बाजारात आणलेला एक भरतकामाचा कोट हा बिहोर या रुमानियन प्रांतातील जुन्या कोटाची जवळजवळ नक्कल आहे, असे तेथील लोकांच्या ध्यानात आले. त्या कोटाची किंमत प्रचंड होती. बिहोरच्या कारागिरांस मात्र त्यातील ना पैसा मिळाला ना नावाचा उल्लेख. तेव्हा नुसते रडगाणे न गाता तेथील एका मासिकाने पुढाकार घेतला, आणि २०१८ साली बिहोरच्या कारागिरांचा माल त्यांच्याच नावाने थेट गिऱ्हाइकांस विकण्याची सोय केली. लोकांनी उचलून धरली ती हीच गोष्ट. या दोन्ही हकिकतींवरून आपण एवढे शिकावे की कसबाची स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. कसब जगते ते मात्र करणाऱ्याचे नाव आणि मोल त्याच्या पदरात पडते तेव्हा.

आपल्याकडे काय होते? जुनी भरलेली वस्त्रे फिरत्या व्यापाऱ्यास विकली जातात, किंवा भांड्यांच्या मोबदल्यात दिली जातात. पुढे त्यांचे तुकडे करून पिशव्या व गाद्यांचे अभ्रे शिवतात आणि ते मोठ्या शहरांत व पर्यटनाच्या ठिकाणी विकतात. विकत घेणारास ती वस्तू कोणत्या तांड्यावरची, कोणाच्या हातची, हे कळत नाही. भरणारीस ती कितीला गेली हे कळत नाही. दुसऱ्या बाजूस, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि प्रत्येक शाळेने तेथे सहल न्यावी. परंतु संग्रहालय वस्तू सांभाळते. हात सांभाळण्याचे काम घराचे आणि शाळेचे आहे.

शाळेने काय करावे, याबाबत आमच्या काही सूचना आहेत. त्यांस फारसा पैसा लागत नाही. पहिली ही की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तरावाचून शिक्षणाचे सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे असा हेतू आहे. या दिवसांपैकी निदान तीन दिवस तांड्यावरील एखाद्या जाणत्या आजीस शाळेत बोलवावे, खुर्ची द्यावी, आणि तिने मुलामुलींस आरसा बसविणे शिकवावे. मुलगे वगळू नयेत. सुई ही स्त्रियांचीच असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. शिंप्याचा धंदा तर पुरुषच करीत आले आहेत.

दुसरी सूचना पहिल्यास चिकटून आहे. त्या आजीस मानधन द्यावे. केवळ नारळ व शाल देऊन बोळवण करू नये. गणिताच्या शिक्षकास आपण वेतन देतो, ते त्याच्या विद्येचे. मग हिच्या विद्येस फुकट का समजावे? तिने एक दिवस शाळेत घालविला तर तिची एक दिवसाची मजुरी बुडते, हे आपण विसरतो. आणि मुलांच्या दृष्टीने पाहता, जिला हेडमास्तर उठून नमस्कार करतात आणि जिला शाळा पैसे देते, त्या आजीच्या नातीस पुढे वर्गात मान खाली घालावी लागणार नाही. शंभर व्याख्यानांनी जे होत नाही ते या एका गोष्टीने होईल.

तिसरी सूचना स्नेहसंमेलनाविषयी. नृत्य जरूर करावे. पण ते त्या समाजातील मुलींस विचारून, त्यांच्या आयांकडून पावले शिकून करावे. भाड्याचे घागरे आणावे लागले तरी चालतील. मात्र रंगमंचाजवळ एका मेजावर खरी कांचळी, खरी कोथळी ठेवून तिच्याखाली भरणारीचे नाव व तांड्याचे नाव लिहावे. अर्थात त्या बाईची संमती असेल तरच. वस्तू कोणाची नि नाव कोणाचे, हा घोटाळा निदान शाळेत तरी होऊ नये.

चौथी सूचना विद्यार्थ्यांसाठी. हे केवळ बंजारा मुलांचे काम नाही. प्रत्येकाच्या घरी काही ना काही कसब असते. कोणाची आजी गोधडी शिवते. कोणा धनगराच्या घरी घोंगडीचा माग आणि चिंचोक्यांची खळ ठाऊक असते. कोणाचे आजोबा केरसुणी, दावी, टोपल्या करतात. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने एक वही करावी. तीत घरातील एका कसबाची माहिती, हत्यारांची नावे, टाक्यांची किंवा विणीची चित्रे, आणि करणाऱ्याने ते कोणाकडून शिकले हे लिहावे. शब्द तसेच लिहावे, जसे आजी उच्चारते तसे. त्यांचे शुद्ध मराठी करू नये. अशा पन्नास वह्या जमल्या तर या जिल्ह्यात कोठेही न मिळणारा एक ग्रंथ शाळेच्या कपाटात तयार होईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की परीक्षेच्या काळात सुई-दोऱ्याने मुलांचे काय भले होणार? या आक्षेपाचे उत्तर आपल्या विदर्भातच एकदा दिले गेले आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे हा विचार देशापुढे मांडला. त्याचा सर्व तपशील आज लागू करावा असे आमचे म्हणणे नाही. पण लक्ष एकाग्र करणे, मोजमाप चुकू न देणे, चुकलेले उसवून पुनः नीट करणे, या सवयी सुईने लागतात आणि त्या गणितासही लागतात, हे तर कोणीही पालक मान्य करील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्रावर तयार होणारे आरशांचे कापड स्वस्त मिळते. त्यापुढे हातकाम टिकणार कसे, आणि त्यावर पोट भरेल काय? खरे सांगावयाचे तर प्रत्येक तांड्यातील प्रत्येक मुलीचे पोट या कामावर भरेल असे आश्वासन कोणीही देऊ नये. तिने डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, तहसीलदार व्हावे. तिच्या पायांत संस्कृतीची बेडी घालण्यासाठी हा लेख नाही. परंतु ज्या बायांस ऊसतोडीला न जाता गावीच दोन पैसे मिळवावयाचे आहेत, त्यांना हा एक मार्ग आहे. सरकारच्या हस्तशिल्प विभागाकडून कारागिरांस ओळखपत्र मिळते; बचत गट गावोगाव आहेत; आणि लोणारचे सरोवर पाहण्यास, शेगावास दर्शनास, सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी दूरदूरचे लोक येतात. ते घरी परतताना या जिल्ह्यातील हातांनी भरलेली एक पिशवी, भरणारीच्या नावाची चिठ्ठी लावून, का नेऊ नयेत? यंत्राचे कापड त्या चिठ्ठीशी बरोबरी करू शकणार नाही.

पालकांस एवढीच विनंती आहे की पेटीतील जुनी कांचळी भांडीवाल्यास देण्यापूर्वी एकदा थांबावे. ती विकावयाचीच असेल तर तिचे खरे मोल विचारून विकावी. पण त्याआधी मुलीस तिच्यावरील एक टाका तरी शिकवावा. ज्या घरांत हे कसब नाही त्या पालकांनी आपल्या मुलांच्या तोंडी ‘लमाणीण’ हा शब्द चेष्टेच्या अर्थाने येऊ देऊ नये. हे दुसरे काम पहिल्याहून सोपे नाही, आणि कमी महत्त्वाचेही नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी जे तांड्यावरून येतात त्यांनी जुना पोशाख घालावा की न घालावा, हे तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी ठरवा. कोणाच्या कौतुकासाठी तो घालू नका आणि कोणाच्या हसण्यामुळे तो लपवू नका. जे तांड्यावरून येत नाहीत त्यांनी आपल्या शेजारच्या बाकावरील मित्रमैत्रिणीस तिच्या आजीचे कसब विचारावे, आणि शिकण्याच्या इच्छेने विचारावे. आजी आहे तोवर शिकून घ्या. तिच्या हातांत जे आहे ते कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाही, आणि ते हात फार दिवस थांबणारे नाहीत.